पिल्लू घेण्याआधी त्याची आई पाहा

जनावर विकत घेण्याचे आपल्याकडे एक जुने शास्त्र आहे. ते कुठल्या ग्रंथात लिहिलेले नाही. पण बाजार हिंडलेल्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा, तो घडाघडा सांगेल. बैल घ्यायचा तर आधी दात पाहावेत, मग खूर पाहावेत, मग चार पावले चालवून पाहावा. गाय घ्यायची तर ती कितव्या वेताची हे विचारावे, आणि जमल्यास स्वतः धार काढून पाहावी. म्हशीचे पारडू घेताना त्याची आई किती दूध देते याची चौकशी करायला दुसऱ्या गावी जाणारी माणसे आजही आहेत. दोन बाजार पाहिल्याशिवाय आणि चार जाणत्यांना विचारल्याशिवाय दाव्याला हात लावायचा नाही, अशी ही रीत.

आता आपण कुत्र्याचे पिल्लू कसे घेतो ते पाहा. मुलाने हट्ट धरलेला असतो. फोनवर एका गुबगुबीत पिल्लाचे छायाचित्र येते. खाली किंमत आणि एक नंबर. रविवारी सकाळी कुणीतरी हमरस्त्यालगत, एखाद्या पेट्रोल पंपाजवळ, पुठ्ठ्याच्या खोक्यात ते पिल्लू घेऊन येतो. मुलगा ते उचलून छातीशी धरतो. झाले! दहा मिनिटांत व्यवहार संपतो. जे जनावर गोठ्यात नव्हे, तर आपल्या घरात, आपल्या पायांशी, दहा-बारा वर्षे राहणार, ते घेताना आपण भाजी घेतानाइतकीही चौकशी करीत नाही.

म्हणून आज तुम्हांला एकच गोष्ट सांगायची आहे आणि ती सुरुवातीलाच सांगून टाकतो. ज्या पिल्लाची आई तुम्हांला तिच्या राहत्या जागी पाहायला मिळत नाही, ते पिल्लू घेऊ नका. ते कितीही गोजिरवाणे असो, कितीही स्वस्त असो, त्याच्याबरोबर कितीही कागद मिळोत. असे का, ते आता सविस्तर पाहू.

कुत्र्यांची पैदास करणारे लोक साधारण दोन प्रकारचे असतात. एक हौशी आणि जाणकार. त्याच्याकडे एखादीच जात असते, फार तर दोन. त्याची कुत्री त्याच्या घरात वावरतात, त्यांची नावे त्याला पाठ असतात, आणि दोन-तीन वर्षांतून एखादे वेत तो विचारपूर्वक घेतो. दुसरा प्रकार कारखान्याचा. अमेरिकेत या दुसऱ्या प्रकाराला ‘पपी मिल’ असे नाव पडले आहे. पपी मिल म्हणजे पिल्लांची गिरणी. दुसऱ्या महायुद्धानंतर तिकडच्या मध्य-पश्चिम भागातल्या शेतकऱ्यांना पिकांनी दगा दिला, तेव्हा जोडधंदा म्हणून पिल्लांची पैदास सुरू झाली. कोंबड्यांची खुराडी रिकामी होतीच. त्यांत कुत्र्या कोंडल्या. पिल्ले घाऊक भावाने दलालाने न्यायची आणि शहरातल्या दुकानांत विकायची, असा तो धंदा वाढत गेला.

त्या धंद्याला पुढे अमेरिकेच्या सरकारने परवाने लावले, नियम केले. पण त्यातला पिंजऱ्याचा नियम ऐकण्यासारखा आहे. कुत्र्याची लांबी नाकापासून शेपटीच्या बुडापर्यंत मोजायची, तीत सहा इंच मिळवायचे, आणि तेवढ्या लांबीरुंदीची जागा दिली की कमीत कमी जागेचा नियम पाळला! आपण घरात चपला ठेवण्याच्या फळीलाही याहून सढळ हाताने जागा देतो. परवाना आहे एवढ्यावरून जनावर सुखात आहे असे समजू नये, हे यावरून ध्यानात येईल.

आपल्याकडे या गिरणीवर पाटी नसते. शहराबाहेरचा एखादा पत्र्याचा गाळा, इमारतीच्या गच्चीवरची खोली, कधी बंद सदनिकेची मागची बाल्कनी, अशी तिची जागा. गिऱ्हाइकाला तिथवर कुणी नेत नाही. पिल्लू तेवढे बाहेर येते.

तुम्ही म्हणाल, पिल्लू चांगले असले म्हणजे झाले. ते कुठे जन्मले याच्याशी आपल्याला काय करायचे? तर आधी त्या आईचे गणित पाहा. कुत्री साधारणपणे वर्षातून दोनदा माजावर येते. गाभण राहिल्यापासून सुमारे ६३ दिवसांनी ती विते. त्यानंतर सहा-सात आठवडे पिल्लांना पाजते. आता हिशेब करा. दोन महिने पोटात आणि दीड-पावणेदोन महिने अंगावर, म्हणजे एका वेतात तिचे जवळजवळ चार महिने जातात. गिरणीवाला तिला प्रत्येक माजाला दाखवतो. म्हणजे वर्षातले आठ महिने ती गाभण तरी असते, नाही तर पाजती तरी. उरलेल्या चार महिन्यांत अंगावर मांस कधी धरणार? केस गळतात, दात किडतात, पायांची हाडे ठिसूळ होतात. पाच-सहा वर्षांत ती थकते. मग तिला खायला घालणे परवडत नाही, आणि एखाद्या रात्री तिला दूर नेऊन सोडून देतात. शहराच्या कडेला एखादी उंची जातीची कुत्री लोंबत्या आचळांनी, रस्ता कसा ओलांडावा हे न कळून उभी असलेली दिसते. तिला कधी रस्ता माहीतच नव्हता.

‘खाण तशी माती’ ही म्हण आपण माणसांच्या बाबतीत वापरतो. ती इथे अक्षरशः खरी आहे. आईच्या अंगात जे नाही ते पिल्लाच्या अंगात कुठून येणार? व्याल्यावर पहिल्या दिवशीचे जे दाट दूध येते, ज्याला आपण गाईम्हशीच्या बाबतीत चीक म्हणतो, त्यातून पिल्लाला रोगाशी लढण्याची पहिली शक्ती मिळते. आईला वेळच्या वेळी लस टोचलेली असली, ती धडधाकट असली, तर त्या चिकात ती शक्ती भरपूर उतरते. उपाशी आणि जंतांनी पोखरलेल्या आईजवळ पिल्लाला देण्यासारखे फारसे काही नसते. उलट जंत मात्र ती देते. ते तर पिल्ले पोटात असतानाच त्यांच्या अंगात शिरतात. पिल्लाचे पोट ढोलासारखे दिसले की लोक म्हणतात, ‘काय छान गुटगुटीत आहे!’ पुष्कळदा तो गुटगुटीतपणा नसतो, जंत असतात.

यातूनच त्या रोगाची गोष्ट येते, ज्याने घरोघरच्या मुलांना रडवले आहे. त्याचे नाव पार्व्हो. हा विषाणू जगात १९७८ च्या सुमारास ओळखला गेला आणि बघता बघता सगळीकडे पसरला. पिल्लाला उलट्या आणि रक्ताचे जुलाब होतात, ते पाणी पिणे सोडते, आणि उपचार वेळेवर मिळाले नाहीत तर दोन-तीन दिवसांत जाते. लागण झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत बहुधा तीन ते सात दिवस जातात. या तीन ते सात दिवसांतच सारी मेख आहे. खोक्यातले पिल्लू तुमच्या हाती येते तेव्हा ते उड्या मारीत असते. चौथ्या दिवशी ते आडवे होते. तुम्ही विकणाऱ्याला फोन लावता. एक तर फोन लागत नाही, नाही तर उत्तर मिळते, ‘आमच्याकडे होतं तेव्हा ठणठणीत होतं, तुम्हीच काहीतरी चुकीचं खायला घातलंत.’ आणि भोळी माणसे हे खरे मानतात. आई मुलाला रागावते, मुलगा रडतो. दोष कुणाचाच नसतो. रोग त्या खोक्यातूनच आलेला असतो. शिवाय हा विषाणू जमिनीवर, फरशीवर कित्येक महिने टिकतो. त्यामुळे गेलेल्या पिल्लाच्या जागी लगेच दुसरे लहान पिल्लू आणले, तर त्याच्यावरही तीच पाळी येऊ शकते.

दुसरी गोष्ट वयाची. गिऱ्हाइकाला पिल्लू जितके लहान तितके आवडते, हे विकणाऱ्याला ठाऊक असते. म्हणून चार-पाच आठवड्यांचे पिल्लू ‘दोन महिन्यांचं आहे’ म्हणून खपवतात. इथे बैलाचे दात पाहण्याचे शास्त्र उपयोगी पडते. आठ आठवड्यांच्या पिल्लाचे दुधाचे दात बहुतेक सगळे आलेले असतात, सुईसारखे टोकदार. ओठ हलकेच वर करून पाहा. पुढचे दात नुकते डोकावत असतील, मागचे नसतीलच, तर ते पिल्लू अजून आईजवळ असायला हवे.

आईजवळ कशासाठी? नुसत्या दुधासाठी नव्हे. अमेरिकेतल्या मेन प्रांतात बार हार्बर म्हणून गाव आहे. तिथे जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर या दोन शास्त्रज्ञांनी अनेक वर्षे कुत्र्यांच्या पिल्लांचा अभ्यास केला आणि १९६५ साली तो ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. त्यांना असे आढळले की, साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यापर्यंतचा काळ हा पिल्लाच्या स्वभावाची घडी बसण्याचा काळ. या दिवसांत ते भावंडांशी खेळताना चावा किती जोराचा घ्यावा हे शिकते. फार जोरात चावले की भावंड ओरडते आणि खेळ मोडतो. आई कधी जवळ घेते, कधी गुरगुरते, त्यातून ते मर्यादा शिकते. याच दिवसांत माणसाचा हात, मुलांचा गलका, कुकरची शिट्टी, दारावरची घंटा यांची त्याला ओळख होते. हे दिवस अंधाऱ्या गाळ्यात गेले, तर पुढे ते कुत्रे कोपऱ्यात दडून बसते, नाही तर भीतीने चावत सुटते. मग आपण म्हणतो, कुत्रे वाईट निघाले. कुत्रे वाईट निघालेले नसते. त्याची शाळाच बुडालेली असते.

या गिरण्या चालवतो कोण? गाळेवाला चालवतो हे तर खरेच. पण तिचे चाक आपल्या हौशीने फिरते. १९९४ साली ‘हम आपके हैं कौन’ हा चित्रपट आला आणि त्यातल्या पांढऱ्याशुभ्र टफीने घराघरांत कौतुक मिळवले. २००३ च्या सुमारास एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत लहान मुलाच्या मागे मागे चालणारे पग जातीचे कुत्रे आले. झाले, ज्याला त्याला पग हवा झाला! मागणी अशी एकाएकी आली की ती जाणकार माणसाकडून पुरी होत नाही. त्याच्याकडे दोन वर्षांत एक वेत. ती पुरी करते गिरणी. आणि पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्याला मुळातच श्वास घ्यायला त्रास असतो. नाकपुड्या अरुंद, घशातला पडदा लांब. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात त्याला धाप लागते. त्याची घोरण्यासारखी घरघर लोकांना गंमत वाटते. जनावरांच्या डॉक्टरला विचारा, तो सांगेल की ती गंमत नसून धडपड आहे. आईबाप निवडताना ज्यांचा श्वास मोकळा आहे तेच निवडायचे, एवढी काळजी घेणारा पैदासकार हा त्रास पुष्कळ कमी करू शकतो. गिरणीत निवड नसते.

हीच गोष्ट बर्फातल्या जातींची. हस्की आणि सेंट बर्नार्ड ही थंड मुलखातली कुत्री. त्यांना नागपूर-जळगावच्या उन्हाळ्यात आणून ठेवणे म्हणजे वैशाखात घोंगडी पांघरून उन्हात बसण्यासारखे आहे. असे पिल्लू तुम्हांला आग्रहाने विकणारा माणूस तुमचाही हितचिंतक नाही आणि पिल्लाचाही नाही.

यावर कायदा काही म्हणत नाही का? म्हणतो, आणि तो आपण माहीत करून घेतला पाहिजे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा आपला कायदा १९६० सालचा. थोर नर्तकी रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत या विषयावर आधी स्वतःचे विधेयक मांडले होते. त्यातूनच पुढे हा कायदा झाला, आणि १९६२ साली स्थापन झालेल्या प्राणी कल्याण मंडळाच्या त्या पहिल्या अध्यक्षा झाल्या. याच कायद्याखाली केंद्र सरकारने २०१७ साली कुत्र्यांच्या पैदाशीचे आणि विक्रीचे नियम केले. त्यांतले मुख्य नियम सोपे आहेत. पैदास करून विक्री करणाऱ्याने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी केली पाहिजे. अठरा महिने पुरे होण्याआधी कुत्रीपासून पैदास घ्यायची नाही. वर्षातून एकच वेत घ्यायचे, आणि तिच्या सगळ्या आयुष्यात पाचांहून अधिक नाही. आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकायचे नाही. जन्म, मृत्यू, विक्री यांची वही ठेवायची. पुढच्याच वर्षी, २०१८ मध्ये, पाळीव प्राण्यांच्या दुकानांसाठीही नोंदणीचे नियम झाले.

नियम चांगले आहेत. पण कायदा करणे वेगळे आणि तो गच्चीवरच्या खोलीपर्यंत पोचणे वेगळे. मूळ कायद्यात क्रूरतेच्या पहिल्या गुन्ह्याला दहा ते पन्नास रुपये दंड आहे, आणि कित्येक दशके तो तेवढाच राहिला; तो वाढवण्याचा मसुदा केंद्र सरकारने २०२२ साली लोकांपुढे ठेवला. एका पिल्लाच्या किमतीपुढे पन्नास रुपयांची भीती कुणाला वाटणार? तेव्हा सरकारी निरीक्षक येईल तेव्हा येईल. पिल्लू पाहायला जाणारा गिऱ्हाईक हाच आज पहिला निरीक्षक आहे.

इंग्लंडमध्ये हे तत्त्व कायद्यातच आणले गेले. तिथे लूसी नावाची एक कुत्री होती, कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनियल जातीची. २०१३ साली तिची वेल्समधल्या एका पैदास-केंद्रातून सुटका झाली तेव्हा वर्षानुवर्षे कोंडून राहिल्याने तिचा कणा वाकला होता. सुटकेनंतर ती जेमतेम तीन वर्षे जगली. २०१६ साली गेली. तिच्या नावाने चळवळ झाली आणि ६ एप्रिल २०२० पासून इंग्लंडमध्ये नियम लागू झाला की सहा महिन्यांच्या आतले पिल्लू दलालाने किंवा दुकानदाराने विकायचे नाही. घ्यायचे तर थेट पैदास करणाऱ्याकडून किंवा प्राण्यांच्या आश्रयगृहातून. आणि पैदास करणाऱ्याने पिल्लू त्याच्या जन्माच्या जागी, आईसह दाखवले पाहिजे. पाहा, इतक्या अभ्यासानंतर तिथले लोकही आपल्या शेतकऱ्याच्याच जागी येऊन पोचले: आई दाखवा!

आता कागदांविषयी. विकणारा अभिमानाने सांगतो, ‘पेपरवालं पिल्लू आहे!’ हे कागद बहुधा केनेल क्लबच्या नोंदणीचे असतात. त्यांत पिल्लाची वंशावळ असते, आणि पिल्लाच्या कातडीखाली बसवलेल्या तांदळाच्या दाण्याएवढ्या मायक्रोचिपचा क्रमांक असतो. वंशावळ कळणे चांगलेच. पण वंशावळ म्हणजे प्रकृतीचा दाखला नव्हे. आजोबा कोण होते हे तो कागद सांगतो. आईला पोटभर मिळत होते का, हे सांगत नाही. जन्मपत्रिका जुळली म्हणून मुलगी दिली आणि घर पाहिलेच नाही, असे आपण करतो का? तसेच हे. कागद असेल तर घ्या, मायक्रोचिपचा क्रमांक डॉक्टरकडून ताडून घ्या, पण कागद पाहून आई पाहायचे सोडू नका.

बरे, आता प्रत्यक्ष पाहायला निघू. चांगला पैदासकार कुठे सापडतो? जाहिरातीत क्वचितच. तुमच्या भागातल्या जनावरांच्या डॉक्टरला विचारा. कुणाची कुत्री वेळेवर लसीला येते आणि कुणाची पिल्ले मरायला टेकली की येतात, हे त्याच्याइतके कुणाला ठाऊक नसते. ज्या घरी तुम्हांला हवी ती जात चार-पाच वर्षे सुखाने नांदते आहे, त्या घरी विचारा.

तिथे गेल्यावर आधी आई पाहा. ती माणसाला पाहून पुढे येते का, की भिंतीला चिकटते? पिल्ले अंगावर पीत असतील तर ती थोडी वाळलेली असणार, केस थोडे गळणार, हे साहजिक आहे. पण डोळे स्वच्छ असावेत, कातडीवर खरजेचे चट्टे नसावेत. कधी कधी दुसरीच एखादी सुदृढ कुत्री आई म्हणून पुढे करतात. म्हणून आचळे पाहा, आणि पिल्ले तिच्याकडे ओढीने धावतात का ते पाहा. पिल्लांना आई ओळखायला कुणी शिकवावे लागत नाही. वडील मात्र तिथे नसले तर संशय घेऊ नका. चांगला पैदासकार योग्य नर दुसऱ्या घरचा, कधी दुसऱ्या गावचाही निवडतो. तेव्हा त्याचे छायाचित्र आणि मालकाचे नाव सांगता आले म्हणजे पुरे.

मग जागा पाहा. वास कसा आहे? पाणी ठेवले आहे का? किती जातींची कुत्री आहेत? एकाच माणसाकडे सहा-सात जातींची पिल्ले बाराही महिने तयार असतील तर तो पैदासकार नव्हे, तो दुकानदार आहे. आत जाताना त्याने तुम्हांला चपला बाहेर काढायला आणि हात धुवायला सांगितले, तर राग मानू नका. ते चांगलेच लक्षण आहे. पार्व्होचा विषाणू चपलेच्या तळव्याला चिकटून येतो, हे त्याला कळते.

मग प्रश्न विचारा. हे तिचे कितवे वेत? मागचे कधी झाले? नोंदणीचे प्रमाणपत्र दाखवाल का? लॅब्राडॉर किंवा जर्मन शेफर्ड असेल तर विचारा, आईबापांच्या खुब्याच्या सांध्यांची क्ष-किरण तपासणी केली होती का? या मोठ्या जातींत खुब्याचा दोष वंशपरंपरेने उतरतो आणि तो पिल्लू लहान असताना दिसत नाही. वर्ष-दोन वर्षांनी ते जिना चढेनासे होते तेव्हा कळतो. लसीचे कार्ड पाहा. त्यावर लसीच्या बाटलीचे लेबल चिकटवलेले असावे आणि डॉक्टरची सही व नोंदणी क्रमांक असावा. पहिली लस सहा ते आठ आठवड्यांच्या सुमारास, मग दर तीन-चार आठवड्यांनी चौथ्या महिन्यापर्यंत, आणि रेबीजची लस तीन महिन्यांच्या सुमारास, असा साधारण क्रम आहे. पाच आठवड्यांच्या पिल्लाच्या कार्डावर ‘सर्व लसी पूर्ण’ असे लिहिलेले असेल तर ते कार्ड खोटे समजा.

पण सर्वांत मोठी खूण याहून वेगळी आहे. चांगला पैदासकार तुम्हांला जितके सांगतो, त्याहून अधिक विचारतो. घरात दिवसा कोण असते? म्हातारे माणूस आहे का? भाड्याचे घर असेल तर मालकाची हरकत नाही ना? सकाळ-संध्याकाळ फिरवणार कोण, मुलगा की आई? तुमची बदली झाली तर? काही वेळा तो स्पष्ट सांगतो, ‘तुमच्या घराला ही जात झेपणार नाही.’ आपल्याला ते टोचते. पैसे आपले, आणि हा आपलीच परीक्षा घेतो! पण लेक देताना घर पाहणारा बाप आणि पिल्लू देताना घर पाहणारा पैदासकार यांच्या मनात एकच काळजी असते. असा माणूस लिहून देतो की, कुठल्याही कारणाने पिल्लू सांभाळणे जमले नाही तर रस्त्यावर सोडू नका, माझ्याकडे परत आणा. हे वाक्य गिरणीवाला कधी उच्चारत नाही.

आता सर्वांत अवघड गोष्ट. समजा, तुम्ही अशाच एका गाळ्यात जाऊन पोचलात. आई दाखवत नाहीत. ‘ती गावाला आहे,’ म्हणतात. कोंदट वास येतो आहे. आणि खोक्यातून एक मलूल पिल्लू तुमच्याकडे पाहते आहे. मन म्हणते, याला इथून घेऊन जावे, निदान हा एक जीव तरी वाचेल. ही दया खरी असते. तिला हसण्यासारखे काही नाही. पण त्या दयेचे पैसे कुणाच्या खिशात जातात ते पाहा. खोक्यातली जागा रिकामी झाली की आत, पत्र्याआड, ती कुत्री पुन्हा माजाला दाखवली जाते. तुम्ही एक पिल्लू सोडवता आणि त्याच्या आईला आणखी एका वेताची शिक्षा देता. गिरणीवाल्याला तुमचा हेतू कळत नाही, त्याला फक्त विक्री कळते.

म्हणून अशा वेळी जड मनाने का होईना, रिकाम्या हातांनी बाहेर या. मात्र गप्प बसू नका. जागेचा पत्ता, तारीख, काय पाहिले ते त्याच दिवशी लिहून काढा, जमल्यास छायाचित्र घ्या, आणि पोलीस ठाण्यात, राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे किंवा जिल्ह्याच्या प्राणी क्लेश प्रतिबंधक सोसायटीकडे लेखी तक्रार द्या. तोंडी सांगितलेले हवेत जाते. कागदाला आवक क्रमांक पडतो. तुमच्या गावात प्राण्यांसाठी काम करणारी संस्था असेल तर तिला बरोबर घ्या. त्या पिल्लाला तुम्ही विसरलात असे नव्हे; त्याच्यासाठी आणि त्याच्या आईसाठी जे करायला हवे ते तुम्ही केलेत.

शेवटी आणखी एक सुचवावेसे वाटते. जातिवंतच पिल्लू पाहिजे का, हाही प्रश्न स्वतःला विचारून पाहा. आपल्या मुलखातला उंच, सडपातळ कारवान, ज्याला कर्नाटकात मुधोळ हाउंड म्हणतात, तो सोलापूर-लातूरकडच्या माळरानावर पिढ्यान्‌पिढ्या उन्हात वाढलेला कुत्रा आहे. पण त्यालाही पळायला मोकळे रान लागते, आणि त्याचे नाव झाल्यापासून त्याच्याही पिल्लांचा बाजार सुरू झाला आहे; तेव्हा आई पाहण्याचा नियम तिथेही सोडू नये. आणि आपल्या गल्लीत जन्मलेली साधी गावठी पिल्ले? त्यांना आपली हवा मानवते, त्यांचे नाक लांब, श्वास मोकळा. प्राण्यांच्या आश्रयगृहांतून अशी पिल्ले लस टोचून घरी दिली जातात. त्यांच्यासाठी दलाल लागत नाही. आणि गल्लीतल्या पिल्लाची आई कुठे आहे हे विचारावे लागत नाही. बहुधा ती समोरच्या पायरीवरच बसलेली असते.

तेव्हा घाई करू नका. चांगल्या पैदासकाराकडे नाव नोंदवून सहा महिने थांबावे लागले तर थांबा. मुलाचा वाढदिवस या वर्षी पिल्लाविना गेला तरी चालेल. त्याला बरोबर घेऊन जा, ती आई दाखवा, पिल्ले तिच्या कुशीत कशी झोपतात ते दाखवा, आणि आपले पिल्लू आठ आठवड्यांचे होईपर्यंत का थांबायचे हे त्याला तिथेच सांगा. जनावर सांभाळण्याचा पहिला धडा त्याला पिल्लू घरी येण्याआधीच मिळालेला असेल.